गळ्याचं माप

आई शहापुरात ब्लाऊज शिवते.
गळा, म्हणते, अंगावर मोजायचा नसतो,
श्वासावर मोजायचा.
बाईनं श्वास घेतला की टेप लावायची,
मग एक बोट सोडायचं.

माझ्याकडे मायक्रोमीटर आहे,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या तपासणी खोलीनं
मोडीत काढलेला,
आणि पितळेची एक केस.
तिची मान चिमटीत धरून
आठवडाभर बसलेय:
कितीचा गळा?

गोळी कोणती, ते आधीच ठरलं.
धाकलू सुभेदार म्हणाले, तीनशे आठ घे पोरी,
ती खांद्याला ओळख देते.
पण टेबलाशी बसून,
वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून,
पाच गोळ्या एकाच भोकात घालायच्या
तर खांद्याला ओळख नको.
म्हणून सहा मिलिमीटरची पीपीसी.
ठेंगणी, रुंद खांद्याची, आमच्या आत्तीसारखी,
जत्रेत ढकललं तरी जागची न हलणारी.

अडलं ते गळ्यापाशी.
दोनशे बाहत्तर घेतला तर
पेटीतली केस जशीच्या तशी बसेल.
दोनशे बासष्ट घेतला
तर एकेक मान सोलायची,
भिंत साडेआठ थाऊ, सगळीकडून सारखी.
गोळी बसवल्यावर दोनशे साठ.
उरले दोन.
दोन्ही बाजू मिळून दोन.
डोक्यावरचा केस उपटून मोजला,
पावणेतीन निघाला.

रीमर एकदा आत गेला
की गळा मोठा करता येतो.
लहान, नाही.

कॅम्पातल्या बंदूक-दुकानाचे बसलिंग मेस्त्री
लेथ पुसता पुसता म्हणाले, "एष्टु?"
"दोन."
"कम्मी आयतु."
मग मराठीत, सावकाश,
"काजळी बसली, मान अडकली,
तर प्रेशर कुठं जाणार, सांग."
मी म्हटलं, मी रोज पुसते.
"तू पुसतीस गं.
तुझ्यामागनं जो घेईल, तो?"

रात्री आई हुक लावत होती.
काय मोजूलालाईस एवढा वेळ?
सांगितलं. तिनं केस दिव्याकडे धरली,
आत फुंकर मारली, उगाच.
"इतका नेमका गळा मागणारी
एकच गिऱ्हाईक होती. कडोलीची.
घातला की चित्रासारखी दिसायची.
दुसऱ्या कुणाला तो कधी झाला नाही,
सख्ख्या बहिणीला पण नाही."
हे कौतुक होतं की तक्रार,
तिनं दोरा तोडला, मला कळलं नाही.

रविवारी क्लबची रायफल, सैल गळ्याची.
वाऱ्यासाठी लावलेले झेंडे
आमच्याच मागावरच्या काठांचे तुकडे,
यळ्ळूरकडून वारं आलं की हिरवे आधी हलतात.
चार गोळ्या एका भोकात.
पाचवी बाहेर, ज्वारीच्या दाण्याएवढी.
झेंडे तर पाचही वेळा झोपलेले होते.

सोमवारी सांगितलं, बासष्ट.
मेस्त्री काही बोलले नाहीत.
फक्त म्हणाले, मग नळीवर आकडा मारायचा,
मागनं येणाऱ्याला कळाय पाहिजे.
कुठल्या अक्षरात मारू?
चेष्टेतच. पण दोघंही थांबलो क्षणभर.
त्यांनी कागदावर कानडी दोन काढला,
मी शेजारी माझा.
चुलत भाऊ वाटले, एकाच शाळेत जाणारे.
सहा पण तसाच, शेपटी तेवढी वेगळी.

पेटीत पंच इंग्रजीच होते,
बिडाच्या मालावर नंबर मारायचे.
त्यांनी हातोडी उचलली.
दोन. सहा. दोन.
शेवटचा जरा कलला.

तो मी मोजला नाही.